तांबं काढायचं होतं, आम्ही फॉस्फेट काढत बसलो: नागपुरातल्या एका रीफ टँकचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या ओळखीच्या एका घरातलं आहे. घरच्यांना विचारूनच लिहितो आहे. नावं, वस्ती आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. टँक ज्यांचा आहे त्यांना इथे ताई म्हणेन. सल्ला देणारा मीच होतो आणि माझा पहिला सल्ला चुकला, म्हणून हे लिहून ठेवणंही माझंच काम आहे असं मला वाटतं.

पार्श्वभूमी

ताई दक्षिण नागपुरात राहतात, औषधांचं दुकान सांभाळतात. हॉलमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा त्यांचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे कोरलचा (प्रवाळांचा) टँक आहे, खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. खडक आणि वाळूची जागा वजा केली तर फिरणारं पाणी साधारण २०० लिटर. तेव्हा टँकला दोन वर्षं झाली होती. क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश, दोन क्लीनर झिंगे, टर्बो आणि ट्रोकस जातीच्या गोगलगायी, चार-पाच हर्मिट खेकडे. कोरल सगळी मऊ: झोअँथिड, मशरूम, टोडस्टूल लेदर, हिरवे स्टार पॉलिप आणि झेनिया.

टणक कोरल ताईंनी कधी घेतलं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सगळी टणक प्रवाळं येतात. विकणारा ‘मिळून जाईल’ म्हणाला तरी त्या बधल्या नाहीत. याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पण ही गोष्ट या प्रकरणातही महत्त्वाची आहे: टणक कोरलसाठी फॉस्फेटचे जे कडक आकडे सांगितले जातात ते मऊ कोरलच्या टँकला तसेच्या तसे लावायचे नसतात. हे मला माहीत होतं, तरी ऐन वेळी मी ते बाजूला ठेवलं.

आता नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल, कारण त्याच्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. मार्चच्या मध्यापासून आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात वाळतात. चिलरचं बिल कमी यावं म्हणून ताई सम्पवर पंखा लावतात. पंख्याने पाण्याची वाफ होते आणि टँक दोन-तीन अंशांनी गार राहतो. मात्र हॉलमध्ये कूलर सुरू केला की हवा दमट होते, वाफ कमी होते आणि पंख्याचा उपयोग संपतो. म्हणून दिवसा, घरात कोणी नसताना, कूलर बंद आणि पंखा सुरू असा त्यांचा शिरस्ता. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या टँकमधून रोज सरासरी चार लिटर पाणी उडायचं आणि तेवढंच गोडं पाणी वरून घालावं लागायचं.

वाफ होते ती फक्त पाण्याची. पाण्यासोबत जे जे येतं ते टँकमध्येच राहतं.

हे वरचं पाणी स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनचं असे. जुनं मशीन साधं होतं. ताईंनी त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण) कंट्रोलर, म्हणजे गाळलेल्या पाण्यात थोडं मूळ पाणी परत मिसळणारी चावी, पूर्ण बंद करून ठेवली होती. पाण्याचा टीडीएस १२ ते १५ यायचा. रीफ टँकला शून्य हवा. पण दोन वर्षं निभावलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते मशीन बदललं. ताईंच्या सासऱ्यांनी, घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, नवीन मशीन आणलं. त्यात शेवटच्या टप्प्याला तांब्याचं कार्ट्रिज होतं.

अडचण

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टर्बो गोगलगायी काचेवरून खाली पडू लागल्या. पाय बाहेर लोंबलेला, सरळ करून ठेवल्या तरी काच धरायच्या नाहीत. आठवड्यात तीन गेल्या. वय झालं असेल म्हणून ताईंनी सोडून दिलं. एप्रिल लागल्यावर एक क्लीनर झिंगा कात टाकता टाकता मेला, दुसरा चार दिवसांनी. झेनियाची ती मूठ उघडमीट केल्यासारखी हालचाल थांबली. झोअँथिड अर्धे मिटलेले. टोडस्टूलवर मेणासारखा थर चढला. असा थर ते अधूनमधून धरतंच आणि काही दिवसांत टाकून देतं, पण या वेळी दोन आठवडे झाले तरी उतरेना. खडकांवर केसाळ हिरवं शेवाळ वाढायला लागलं.

मासे मात्र ठणठणीत होते. क्लाउनफिशनी त्याच आठवड्यात अंडी घातली.

ताईंचा फोन आला तेव्हा त्यांनी आकडे आधीच काढून ठेवले होते. घनता १.०२५, तापमान २७.५, अल्कलिनिटी ८.२ डीकेएच, अमोनिया शून्य, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.२२ (दोन्ही लिटरला मिलीग्रॅममध्ये).

पहिला निर्णय: जीएफओ

शेवाळ आणि ०.२२ हे दोन शब्द मी जोडले आणि फोनवरच सांगितलं की फॉस्फेट जास्त झालंय, जीएफओ लावा.

जीएफओ म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे. पाणी त्यांच्यामधून सावकाश फिरवलं की फॉस्फेट दाण्यांच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि दाणे भरले की ते फेकून नवे घालायचे. फॉस्फेटसाठी हा चांगला मीडिया, म्हणजे पाणी गाळायला वापरायचा पदार्थ, आहे. प्रश्न त्याच्या गुणाचा नव्हताच. ०.२२ फॉस्फेटने मऊ कोरल मिटत नाहीत आणि झिंगे तर मुळीच मरत नाहीत. कितीतरी मऊ कोरलचे टँक याहून जास्त फॉस्फेटवर वर्षानुवर्षं नांदतात. शिवाय मी कारण आणि परिणामाची उलटापालट केली होती. शेवाळामुळे गोगलगायी गेल्या नव्हत्या, चरणाऱ्या गोगलगायी गेल्या म्हणून शेवाळ वाढलं होतं. मी फोनवर मेलेल्या जीवांची यादी विचारली असती, आकड्यांची नाही, तर बहुधा तिथेच थांबलो असतो.

दुसरी चूक प्रमाणाची. डब्यावर २०० लिटरसाठी जेवढं लिहिलं होतं तेवढं सगळं ताईंनी एकदम रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे दाण्यांमधून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात, भरलं. निम्म्याने सुरुवात करा, दर तीन दिवसांनी मोजा, तीन आठवड्यांत खाली आणा, हे मी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. पाच दिवसांत फॉस्फेट ०.०३ वर आलं. इतकी झपाट्याची घसरण धडधाकट कोरललाही सोसत नाही. झोअँथिड आता पूर्ण मिटले. पहिल्या दुखण्यावर दुसरं चढलं आणि कोणतं लक्षण कशाचं हे ओळखणं अवघड झालं.

मग ताईंनी आठवड्यात दोनदा ३० टक्के पाणी बदललं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी टँक आणखी उतरलेला दिसला. या प्रकरणातला सगळ्यात मोठा इशारा हाच होता. पाणी बदलल्यावर टँक सुधारायला हवा. बिघडत असेल तर दोष टँकमध्ये कमी आणि बादलीत जास्त.

धागा कुठे सापडला

रविवारी सकाळी मी घरी गेलो. बसल्या बसल्या बाबांनी पाण्याचा पेला पुढे केला.

“घ्या, तांब्याचं पाणी आहे. नवीन मशीन लावलं नं, आता रोज हेच पिऊन राहिलो आम्ही.”

पेला हातात तसाच राहिला. मी ताईंकडे पाहिलं. “टँकमध्येही हेच?”

“हो नं. तेच तर टाकून राहिली मी. टीडीएस पाहूनच टाकते, पंचेचाळीस येतो. वाढलाय थोडा, पण म्हटलं क्षारच आहेत, समुद्रात कमी असतात का?”

ताईंचं हे गणित कोणालाही पटण्यासारखं होतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमने ४५ झाला असता तर खरंच काही बिघडलं नसतं. पण टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून एकूण आकडा देतं. त्या ४५ मध्ये काय काय आहे ते मीटर सांगू शकत नाही.

आपल्या घरांतून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं जातं. तांब्या हा शब्दच मुळी त्या धातूवरून आलेला. माणसाला त्यात सहसा धोका नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलीग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा २ मिलीग्रॅम. समुद्राच्या पाण्यात मात्र तांबं लिटरला ०.००१ मिलीग्रॅमपेक्षाही कमी असतं आणि तिथले बिनकण्याचे जीव तेवढ्यावरच वाढलेले असतात. झिंग्याच्या आणि गोगलगायीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं जे द्रव्य आहे, हिमोसायनिन, ते तांब्यावरच चालतं. म्हणजे तांबं त्यांना लागतं, पण पाण्यात मोकळं तांबं वाढलं की तेच त्यांच्या कल्ल्यांचं आणि क्षार राखण्याचं काम बिघडवतं.

माशांचं तसं नाही. माशांवरचे परजीवी मारायला वेगळ्या टँकमध्ये तांबं मुद्दाम घालतात, लिटरला ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम. म्हणून तर मासे अंडी घालत होते आणि झिंगे मरत होते. मासे धड आणि बिनकण्याचे जीव पडलेले दिसले की आधी धातूचा संशय घ्यायचा, हे या छंदातलं जुनं शहाणपण आहे.

वहीत हिशेब मांडला. मशीनच्या पाण्याचा नमुना ताईंनी दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत दिला. टँकचं खारं पाणी तपासणं कठीण असतं, मीठ मधे येतं. गोड्या पाण्यात तो त्रास नाही. म्हणून टँकचा नाद सोडून उगमच तपासला. चार दिवसांनी आकडा आला: तांबं ०.१४ मिलीग्रॅम. रोजचे चार लिटर म्हणजे ०.५६ मिलीग्रॅम. ४० दिवसांत २२ मिलीग्रॅमच्या वर. २०० लिटरला भागलं की ०.११. हा कागदावरचा आकडा झाला, पाण्यात प्रत्यक्षात त्याहून कमी असणार, कारण खडक, वाळू आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ बरंचसं तांबं धरून ठेवतात. हौशी लोकांच्या किटने टँकचं पाणी तपासलं तर रंग ०.०५ च्या पट्टीच्या जवळपास आला.

हेच मशीन दमट हवेच्या गावात असतं, रोज अर्धा-पाऊण लिटरच पाणी घालावं लागत असतं, तर हे इतक्या लवकर उघडं पडलं नसतं.

एका मित्राचा आक्षेप इथे नोंदवतो, कारण तो रास्त होता. तांबं शेवाळालाही मारतं, मग शेवाळ वाढलं कसं? माझं उत्तर असं, की केसाळ हिरवं शेवाळ झिंग्यापेक्षा कितीतरी चिवट असतं, आणि चरणारे गेल्याचा फायदा त्याला तांब्याच्या तोट्यापेक्षा जास्त झाला.

समोरचे पर्याय

संशय पक्का होताच पहिला निर्णय सोपा होता. मशीनचं पाणी त्या क्षणी बंद. त्यासाठी अहवालाची वाट पाहायची गरज नव्हती, कारण ते थांबवण्यात तोटा काहीच नव्हता. खरा विचार पुढचा होता, की आत साठलेलं तांबं बाहेर काढायचं कशाने.

अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन सगळ्यात आधी डोळ्यासमोर आला, तो माझ्या घरी होता. कार्बन सेंद्रिय पदार्थ ओढतो, पाण्याचा पिवळेपणा काढतो, त्रासलेली लेदर आणि झोअँथिड जी विषारी द्रव्यं सोडतात तीही पकडतो. समुद्राच्या पाण्यातलं बरंच तांबं सेंद्रिय पदार्थांना चिकटलेलं असतं, तेवढा हिस्सा कार्बनसोबत निघतो. मोकळ्या तांब्यावर मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे कार्बन हवाच, पण एकटा पुरणार नाही.

पॉलीफिल्टर ही पांढरी चौकोनी पॅड असते, कात्रीने कापून सम्पमध्ये बसवता येते. ती तांबंही धरते आणि धरलं की निळसर-हिरवी होते. सेंद्रिय मळ धरला की तपकिरी. मला ती सगळ्यात जास्त पटली, कारण ती औषधही होती आणि तपासणीही. आपला तर्क चुकला असेल तर रंग न बदलून ती तसं सांगणार होती. नागपुरात मिळाली नाही, मुंबईच्या विक्रेत्याकडून कुरिअरने तीन दिवसांत आली.

तिसरा पर्याय धातू पकडणारा चिलेटिंग रेझिन, क्युप्रिसॉर्ब त्यातलाच. हा ताकदीचा आणि दीर्घ पल्ल्याचा. पाण्यातलं तांबं कमी झालं की खडक आणि वाळू आपल्याकडचं सोडू लागतात, त्या झिरपण्याला आठवडे लागतात आणि तिथे रेझिन उपयोगी. खोट अशी, की तो जस्त, मँगनीज असे हवे असलेले धातूही घेतो. काम झालं की काढायचा असतो.

धातू निष्प्रभ करायला पाण्यात टाकायचं द्रावण एका दुकानदाराने सुचवलं होतं. ते नको म्हटलं. अशी द्रावणं तांब्याला बांधतात, बाहेर काढत नाहीत, आणि बांधलेलं तांबं रेझिनच्या हाती लागणं उलट कठीण होतं. झिओलाइट नावाचे खनिज खडेही कोणी सुचवले. ते अमोनियासाठी, आणि खाऱ्या पाण्यात सोडियम इतकं असतं की तिथेही त्यांचं फारसं चालत नाही. अमोनिया तर शून्यच होता.

शेवटचा पर्याय टँक रिकामा करून खडक-वाळू फेकण्याचा. ताई त्या दिवशी त्यालाही तयार होत्या. दोन वर्षं जपलेलं डोळ्यांसमोर मिटत चाललं होतं, आणि माणूस अशा वेळी काहीतरी मोठं करून टाकायला बघतो. मी हात जोडून थांबवलं. बिघाड सहा आठवड्यांचा होता, दोन वर्षांचा नव्हता.

काय केलं

पहिल्याच दिवशी जीएफओ काढला. फॉस्फेट हा आजार नव्हता, आणि एकाच वेळी चार गोष्टी बदलत राहिलो तर कशाने काय झालं ते कळलं नसतं. उरलेले हर्मिट, एक ट्रोकस आणि झोअँथिडची दोन छोटी ढेपं मी माझ्या टँकमध्ये नेली, हळूहळू पाणी मिसळत तासाभराने सोडली.

पाणी माझ्या घरच्या आरओ-डीआयचं. त्यात आरओच्या पुढे उरलेले विरघळलेले क्षारही धरणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा असतो आणि टीडीएस शून्य येतो. २० लिटरचे जार दुचाकीवर, सकाळी सहाच्या आत, कारण नंतर उन्हात जायची सोय नव्हती. बारा दिवसांत ५० लिटरचे चार बदल केले. रोजचं भरायचं पाणी धरून तेरा जार झाले. २५ टक्क्यांचे चार बदल म्हणजे पाण्यातलं तांबं एक तृतीयांशाच्याही खाली येतं. खडकातलं नाही.

मीडियाचा क्रम विचार करून लावला. आधी फिल्टर सॉक, म्हणजे कचरा पुढे जाणार नाही. मग कार्बन, १०० ग्रॅम, दर आठ-दहा दिवसांनी नवा. त्यानंतर पॅड, पाणी बाजूने निसटणार नाही अशी घट्ट बसवलेली. रेझिन शेवटी, कारण सेंद्रिय मळाने रेझिनचे दाणे माखले तर त्यांची धरण्याची ताकद जाते, तो मळ कार्बनने आधीच उचललेला बरा. कार्बन निवडताना एक तपासणी केली: चमचाभर दाणे शून्य टीडीएसच्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फॉस्फेट मोजलं. काही कार्बन स्वतःच फॉस्फेट सोडतात. दोन नमुन्यांपैकी एक त्यात नापास झाला, तो ठेवून दिला.

रेझिन मागवायचा निर्णय मी मुद्दाम लांबवला. पॅडचा रंग दिसल्याशिवाय नाही. पॅड बसवल्यावर तिसऱ्या दिवशी ताईंनी फोटो पाठवला. पॅडची पाणी येणारी कड निळसर-हिरवी झाली होती. त्याच संध्याकाळी १०० मिली रेझिनची मागणी नोंदवली. प्रयोगशाळेचा अहवालही त्याच सुमारास आला.

बाबांशी बोलणं राहिलं होतं. ताईंना त्याची धास्ती होती. मशीन त्यांनी घरच्यांच्या तब्येतीसाठी हौसेने आणलं होतं, आणि ‘तुमच्या पाण्याने जीव मेले’ हे वाक्य कसंही फिरवून सांगितलं तरी लागणारच. मी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला आणि जागतिक आरोग्य संघटनेचा २ मिलीग्रॅमचा आकडाही दाखवला, ०.१४ त्याच्या कितीतरी आत होतं. “बाबा, माणसासाठी हे पाणी चांगलंच आहे. तुम्ही खुशाल प्या. हे जीव वेगळे आहेत.” ते बराच वेळ टँककडे पाहत बसले. मग म्हणाले, “बाप्पा, मला एका शब्दानं विचारलं असतं तं मी सांगितलं नसतं का, त्यात तांबं आहे म्हणून!” आणि ते खरंच होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

काय झालं

पहिली पॅड सात दिवसांत पूर्ण रंगली. दुसरी फिकट निळी झाली, त्याला दोन आठवडे लागले. तिसरीच्या फक्त कडेला छटा आली. चौथी तपकिरी होऊन राहिली, निळा रंग नाही. रेझिन दहा आठवडे ठेवला आणि काढला.

झोअँथिड दहाव्या दिवशी उघडायला लागले. टोडस्टूलने तिसऱ्या आठवड्यात थर टाकला, दुसऱ्या दिवशी त्याचे पॉलिप बाहेर होते. ताईंनी रात्री अकराला व्हिडिओ पाठवला. मशरूमना जवळजवळ काहीच झालं नाही. स्टार पॉलिप निम्मे गेले, झेनिया पूर्ण गेलं. गोगलगायी एकंदर सात गेल्या, झिंगे दोन्ही.

जीएफओ काढल्यावर फॉस्फेट आपोआप ०.०९ वर आलं, कारण खडकांत मुरलेलं फॉस्फेटही असंच परत सुटतं. ते तिथेच राहू दिलं. गोगलगायी परत आल्यावर शेवाळ महिन्याभरात ओसरलं.

पाचव्या आठवड्यात माझ्याकडचा ट्रोकस आणि नव्या दोन गोगलगायी सोडल्या. दहा दिवस तिघी काचेवर फिरत होत्या. झिंगा मात्र जुलैमध्ये, पावसाळा नीट लागल्यावर सोडला. त्याने तीन आठवड्यांनी कात टाकली आणि दुसऱ्या दिवशी खायला आला, तेव्हा टँक मोकळा झाला असं मी मानलं.

ताईंनी वेगळं आरओ-डीआय युनिट घेतलं. त्याचं टाकाऊ पाणी कूलरमध्ये घालत नाहीत, खसवर क्षार बसतो. त्याने अंगण धुतात.

आता केलं असतं तर

सगळ्यात आधी मी फॉस्फेटचा आकडा ऐकून घेण्याआधी विचारलं असतं: कोण मेलं, कोण जगलं, आणि गेल्या दोन महिन्यांत घरात काय बदललं. टँकमध्ये नाही, घरात. मशीन, नळाचं काम, रंगरंगोटी, झुरळांची फवारणी, नवं मीठ. ताईंच्या वहीत टँकची प्रत्येक नोंद होती, पण मशीन बदलल्याची नव्हती, कारण ती स्वयंपाकघरातली गोष्ट होती.

मीडिया निवडताना आपण बहुतेक वेळा ‘कोणता चांगला’ असं विचारतो. जीएफओ चांगलाच आहे, कार्बनही, रेझिनही. या टँकमध्ये पहिल्या दिवशी कार्बन आणि पॅड लावली असती तर निदान आणखी बिघाड झाला नसता, आणि पॅडने सहा दिवसांत सांगूनही टाकलं असतं. काय काढायचं आहे ते माहीत नसताना, एकच गोष्ट जोरात काढणारा मीडिया पूर्ण मापाने लावणं ही माझी खरी चूक. कार्बन त्या बाबतीत क्षमाशील आहे.

जीएफओ लावायचाच होता तर निम्म्या मापाने. हे मी आता प्रत्येकाला डबा उघडायच्या आधी सांगतो.

पाणी बदलल्यावर पहिल्यांदा बिघाड दिसला, तेव्हा दुसरा बदल करायला नको होता. ते नवं पाणी बादलीत तसंच ठेवून आधी त्याचाच नमुना द्यायला हवा होता. चार दिवस गेले असते, पण तांबं असलेलं आणखी ६० लिटर पाणी आत गेलं नसतं.

एक गोष्ट अजून मला पटत नाही, ती म्हणजे आम्ही जार, कार्बन, पॅड आणि रेझिन जवळजवळ एकत्रच सुरू केलं. त्यामुळे कशाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. रेझिनशिवायही निभावलं असतं का? तिसऱ्या पॅडचा फिकट रंग पाहून वाटतं, कदाचित. पण जीव मिटत असताना एकेक उपाय वेगळा करून बघत बसणं मला जमलं नसतं, आणि आजही जमणार नाही.

खडक आणि वाळू तीच आहे, म्हणून ताई आता दर मार्चमध्ये पॅडचा बोटभर तुकडा सम्पमध्ये ठेवतात आणि पाऊस लागल्यावर काढतात. यंदाचा तुकडा त्यांनी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काढला. तो फक्त तपकिरी होता.